भट्टीवरचा सणाचा नंबर

स्तोयनानं पहाटेच गव्हाच्या घुगऱ्या शिजत घातल्या होत्या. नवऱ्याला, लालोला जाऊन आज संत दिमितरच्या सणाला वीस वर्षं होत होती. मेलेल्याच्या नावानं घुगऱ्या वाटायच्या, घेणाऱ्यानं ओंजळ पुढं करायची, 'देव त्याला माफ करो' म्हणायचं आणि खायचं. स्लिवाकात त्याला कुणी नाही म्हणत नसे. नाही म्हणायची ती एकटी नेदा म्हातारी, आणि तिचंही खरंच होतं. तिचा मुलगा मिलुश लालोच्याच फाटकात मेला होता.

स्लिवाक म्हणजे रुळांच्या पाठोपाठ आलेलं गाव. आधी रूळ, मग स्टेशन, मग फाटक, आणि घरं त्यानंतरची. गाडी निघाली की स्टेशनमास्तर गेरगिन फाटकावर फोन करायचा, मग फाटकवाला लालो फाटक पाडायचा. त्या सकाळी दहाची मालगाडी आली तेव्हा फाटक उघडंच होतं आणि मिलुशची पावाची घोडागाडी मधोमध होती. लालो घोडी ओढायला धावला आणि दोघंही गेले. चौकशीत गेरगिननं सांगितलं, मी फोन केला होता, लालो पिऊन पडला असेल. स्तोयना तेव्हा फाटकावरच्या फोनाशेजारीच मिरच्या निवडत बसली होती. फोन वाजलाच नाही, असं तिनं ओरडून सांगितलं. बायकोच ती, नवऱ्याचीच बाजू घेणार, असं म्हणून साहेबांनी कागद मिटला. तेव्हापासून विहिरीवर बाया तिला पाठ दाखवत. हे तिच्या काळजात वीस वर्षं सलत होतं.

गेल्या साली नदीपलीकडच्या दारूभट्टीवरचा म्हातारा पर्वान बोलता बोलता काहीतरी बोलून गेला. इतकी वर्षं त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि मास्तराच्या वाटेला जायची त्याची छातीही नव्हती. स्तोयनानं ते वर्षभर पोटात ठेवलं. तिला पर्वानचा शब्द नको होता, गेरगिनच्याच तोंडून काढायचं होतं.

आज ती वेळ आली होती. स्टेशन बंद होणार होतं, म्हणून गावानं स्टेशनच्या भिंतीवर गेरगिनच्या नावाची मानाची पाटी लावली होती. नांगरलेल्या रानातून ओला वास येत होता, आणि गेरगिन आपलं जुनं पीप फोडून आलुबुखाराची दारू, राकिया, सगळ्यांना पाजत होता. पिपावर नुसता वीस वर्षांपूर्वीच्या सालाचा आकडा होता. खोटं इतक्यांदा सांगून झालं होतं, की पिपावरच्या सालाशी त्या खोट्याचा काही संबंध आहे हेच तो विसरला होता.

स्तोयनानं परात बाकावर ठेवली, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"मास्तर, राग नका धरू, पर जरा करपलीया."

"करपली?" गेरगिनचा पेला हवेतच थांबला. "माझी राकिया?"

"तुमची कुठली? तुम्ही टेसनात फोनापाशी. भट्टीवर तुमचा मेव्हना बसला आसंल. इस्तू राखायचं त्याला कुठलं जमतंय?"

लोक हसले. तेच गेरगिनला झोंबलं. घरादाराला नावं ठेवा, पण स्लिवाकच्या माणसाच्या राकियाला नाही.

"मेव्हना? त्याला म्या लाकूडबी सरकवू दिलं न्हाई. तांबडं फुटल्यापास्नं पार दुपारपतुर जाग्यावरनं हललो न्हाई, लघवीलासुदीक उठलो न्हाई. इचार पर्वानला."

पर्वानच्या पोटात तीन पेले होते. "खरं हाय," तो म्हणाला. "सनादिवशी भट्टीचा नंबर कुनी घेईना, यानंच मागून घेतला. दिमितरचा सन. आन त्याच सकाळी मिलुशची गाडी..."

त्याचं त्यालाच कळलं आणि त्यानं पेला खाली ठेवला. अख्खं गाव गेरगिनकडं वळलं. कोंबडं झाकलं म्हणून काही उजाडायचं राहत नाही.

"मधी येक डाव जाऊन आलो आसंन," गेरगिन कसंबसं म्हणाला.

"आत्ताच म्हनालात की, लघवीलासुदीक उठलो न्हाई," स्तोयना म्हणाली. "मग फोन कुनी केला, मास्तर?"

तिनं मूठभर घुगऱ्या त्याच्या हातात ठेवल्या. तिला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

"दरसाली म्होरं होऊन घेता, मोठ्यानं म्हनता, देव त्याला माफ करो. आजबी म्हना की. लालोनं काय केलं हुतं, त्येबी सांगा."

घुगऱ्या गेरगिनच्या तळहातावर तशाच राहिल्या. लोक एकेक करून पेले बाकावर उपडे घालू लागले.

काठी टेकत नेदा म्हातारी पुढं आली. तिनं आधी गेरगिनकडं पाहिलं, त्याच्या पायापाशी थुंकली, मग स्तोयनासमोर ओंजळ धरली.

"दे बाई," ती म्हणाली. "इस वर्सांचं समदं दे."