जावईबापूंची कात

"अहो, जावई गेले!"

बायकोचा आवाज फोनमधून असा काही फुटला की शेजारच्या टेबलावर प्रात्यक्षिक परीक्षा घेणाऱ्या बाईंनाही तो ऐकू गेला. त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. "सर, तुम्ही निघा. इथलं मी बघते," त्या म्हणाल्या.

अष्टपादांना मुलगीच नव्हती, पण खुलासा करत बसण्याइतकं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं. जावई म्हणजे त्यांच्या स्वयंपाकघरात प्लॅस्टिकच्या डबीत राहणारा वाटाण्याएवढा कोळी. हे नाव बायकोनेच ठेवलेलं. रोज ताज्या माशा, कापसावर दोन थेंब पाणी, ऊन लागू द्यायचं नाही, डबीला धक्का लागू द्यायचा नाही. खरा जावई आला असता तरी त्याचे एवढे लाड झाले नसते, असं ती पहिल्याच दिवशी फणकाऱ्याने म्हणाली होती. मग तीच माशा पकडायला लागली.

अष्टपाद हेही त्यांचं खरं नाव नव्हे. आयुष्यभर ते कॉलेजात प्राणिशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर राहिले. प्राध्यापक व्हायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. कोळ्यांच्या नादापायी लोक त्यांना आधी पाठीमागे अष्टपाद म्हणायचे, मग तोंडावर म्हणायला लागले, आणि हल्ली तर सही करताना ते स्वतःच क्षणभर अडखळत.

गेल्या वर्षी मात्र या नादाचं सोनं व्हायची वेळ आली होती. कॉलेजच्या पंपघरामागे, झाडाच्या सुटलेल्या सालीखाली त्यांना एक नर सापडला. कोळ्याची जात नुसत्या रंगावरून ठरवता येत नाही. नराच्या तोंडाजवळ दोन आखूड पाय असतात, त्यांच्या टोकाशी एक गाठ असते आणि गाठीवर आकडे, दात, काटे असं बरंच काही. ही प्रत्येक जातीची आपली वेगळी किल्ली, आपल्याच जातीच्या मादीला लागणारी. या नराच्या किल्लीवरचा आकडा टोकाशी दुभंगलेला होता. असा आकडा आजवर कुणीच नोंदवला नव्हता. अष्टपादांनी सुट्ट्या घालवून चित्रं काढली, वर्णन लिहिलं, लेख नियतकालिकाला पाठवला आणि न राहवून कॉलेजभर सांगूनही टाकलं.

नियतकालिकाच्या तज्ज्ञांनी एकच शंका काढली. नमुना एकच, त्यातही उजव्या बाजूची गाठ तुटून गेलेली. मग हा आकडा जातीचाच कशावरून? त्या एका प्राण्याचं व्यंग कशावरून नाही? महिनाअखेरपर्यंत दुसरा नर दाखवा, नाहीतर लेख परत.

शंका रास्त होती, हेच तर खरं दुखणं होतं. अष्टपादांनी पंपघरामागे इतके खेटे घातले की वॉचमनला त्यांचा संशय यायला लागला. शेवटी एक नर मिळाला, पण तो वयात न आलेला. त्याच्या त्या आखूड पायांची टोकं नुसतीच फुगलेली, हातमोजे घातल्यासारखी. आत काय दडलंय ते शेवटची कात टाकल्याशिवाय कळणार नव्हतं.

आणि आता तोच गेला होता.

घरी पोचले तेव्हा बायको स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती. डबीवर तिने धुतलेला रुमाल पांघरला होता.

"मी काही केलं नाही हो. माशी टाकायला झाकण काढलं, तर उताणे पडलेले. पाय पोटाशी घेऊन. सकाळी पाणी जास्त झालं असेल का?"

"तुझी काही चूक नाही," ते म्हणाले. एवढं बोलायलाही त्यांना बरीच ताकद लागली.

"कॉलेजात काय सांगाल?"

"काय सांगणार? हसतील. सवय आहे मला."

या वेळच्या हसण्याची सवय आपल्याला नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. निदान बाटलीत तरी जपून ठेवू, म्हणून त्यांनी रुमाल दूर केला आणि चिमट्याने तो देह उचलला. त्याला वजनच नव्हतं. त्यांनी तो उजेडात धरला. डोक्याचा वरचा भाग डब्याच्या झाकणासारखा उघडला होता.

"अगं, हे रिकामं आहे!"

"म्हणजे?"

"कात आहे ही! जावई कपडे टाकून गेलेत."

"गेलेत ते कुठे पण?"

दोघांनी डबीत पाहिलं. डबीत ओला कापूस तेवढा होता.

"झाकण कुठे ठेवलंस?"

"ठेवलं असेल इथेच कुठेतरी."

"हलू नकोस! पाय खाली टेकू नकोस!"

तिचा एक पाय आधीच वर होता. फ्रिजला धरून ती तशीच एका पायावर उभी राहिली आणि अष्टपाद आयुष्यात पहिल्यांदाच स्वयंपाकघर इतकं बारकाईने पाहू लागले. झाकण सिंकच्या अगदी कडेला सापडलं. त्याच्या आतल्या खाचेत एक मऊ, दुधाळ जीव पाय पसरून स्वस्थ बसला होता.

झाकणासकट त्यांनी त्याला घरच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, दिवा लावला आणि मागे सरकले.

"बघा ना," बायको म्हणाली.

"धीर होत नाही गं."

"मग सरका."

इतक्या वर्षांत तिने या नळीला कधी डोळा लावला नव्हता. "अगंबाई, केवढे दिसतात! तोंडापाशी गाठी आहेत दोन. प्रत्येकीतून एक आकडा आलाय."

"टोक कसं आहे त्याचं?"

"थांबा हो जरा. एक नाहीये टोक. दोन आहेत. एक उंच, एक बुटकं."

"दोन्ही बाजूंना?"

"दोन्ही बाजूंना."

अष्टपाद जमिनीवरच बसले. त्यांना हसू आवरेना आणि डोळे पुसायला तो डबीवरचा रुमालच हाताशी आला. जात खरी होती. उद्या बाईंना जावई वाचल्याचंही सांगायला हवं होतं. मग त्यांनी उठून स्वतः पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि बायकोचा शब्द न् शब्द खरा निघाला.

"आता यांना बाटलीत घालणार?" तिने विचारलं.

"घालावं लागेल. प्राणी समोर ठेवल्याशिवाय मानत नाहीत."

"आजच?"

"नाही. अंग टणक व्हायला चार-पाच दिवस लागतील."

ती वाकून पुन्हा बराच वेळ पाहत राहिली.

"मग तोवर तो दिवा तरी बंद करा," ती म्हणाली. "आत्ता कुठे बाहेर आलेत. डोळ्यांवर येतोय त्यांच्या."

कोळ्याला मिटायला पापण्या नसतात, हे अष्टपादांच्या मनात आलं. त्यांनी दिवा बंद केला.