फर्म्याचे दुसरे टोक

सोमवारी, सकाळी ठीक दहा वाजता, छापखान्याच्या जुळणी विभागात, मधल्या दगडी मेजापाशी परीक्षेस आरंभ झाला.

बायकांनाही मुख्य जुळारी, म्हणजे खिळे जुळवणाऱ्यांचा प्रमुख, होता येईल, असा कायदा होऊन वर्ष उलटले होते. ज्येष्ठ जुळाऱ्याला मागे टाकून त्याचीच पुतणी त्या जागेवर बसली होती, आणि ते पुरुषमंडळींच्या डोळ्यांत सलत होते. कायदा मोडता येईना, म्हणून कामगार समितीने नवी अट छापून लावली: मुख्य जुळाऱ्याने मोठा फर्मा एकट्याने उचलला पाहिजे, न उचलल्यास जागा सोडावी. ती जागा मग ज्येष्ठ जुळाऱ्याकडे जाणार होती. परीक्षक म्हणून समितीने मुद्दाम त्यालाच नेमले.

"काय ताई, दंडात बळ आणलंय का घरून?" समितीचा अध्यक्ष, बांधणी विभागातला गडी, म्हणाला. हशा पिकला.

फर्मा म्हणजे लोखंडी चौकटीत आवळलेले शिशाचे हजारो अक्षरखिळे. पुतणीने चौकटीचे एक टोक धरले आणि ती थांबली.

"काका, दुसरं टोक कोण धरतंय?"

"एकटीनं उचलायचाय," अध्यक्ष म्हणाला. "अट छापील आहे."

"एकटीनं उचलला तर फर्म्याचं मधून पोट सुटेल, खिळे निसटतील आणि सगळं पान सांडेल. पहिल्याच दिवशी मी एकटीनं हात घातला, तेव्हा काकांनी बोटांवर पट्टी मारली होती."

ज्येष्ठ जुळाऱ्याने अटीचा कागद मागून घेतला. तो मजकूर त्याच्याच हाताने जुळवलेला होता. तीस वर्षे तो अक्षराला अक्षर जुळवीत आला होता. अर्थ पाहणे मुद्रितशोधकाचे काम, अशी त्याची ठाम समजूत. ही अटही त्याने तशीच जुळवली होती. आज प्रथमच त्याने ती सलग वाचली, आणि त्याचे कान तापले.

"हे कुठल्या शहाण्यानं लिहिलं?"

"जुळवलंत तर तुम्हीच, मास्तर!" अध्यक्ष म्हणाला. "आता घरची म्हणून बाजू घेताय?"

"घरची? वर्ष झालं, घरी मी हिच्याशी बोलत नाही."

"अहो, जागा तुम्हालाच मिळायचीय!"

"ठाऊक आहे."

त्याने कागद मेजावर ठेवला, बाह्या सारल्या आणि दुसरे टोक धरले. दोघांनी फर्मा उचलून यंत्रावर नेऊन ठेवला. एक खिळा हलला नाही.

"एकट्यानं फर्मा उचलणारा माणूस या विभागाच्या कामाचा नाही," तो म्हणाला. "ही पास आहे."