शेवंतीबाईंच्या हातचं मीठ

"कोबी खाल्लेला माणूस बांगड्याची ढेकर देतो होय गं?" शेवंतीबाईंनी सुनेला विचारलं. विचारलं म्हणजे, बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसलेल्या नवऱ्याला नीट ऐकू जाईल अशा बेताने विचारलं.

सुलक्षणा तांदूळ निवडत होती. सासूचे काही प्रश्न उत्तरासाठी नसतात, हे ती लग्नानंतरच्या तीन वर्षांत शिकली होती.

"डबा मी भरला. कोबी, दोन चपात्या, ताक. सगळं बिनमिठाचं. आणि हे सहाला घरात आले, चप्पल काढली आणि ढेकर दिली. जन्म गेला माझा मासे रांधण्यात, मला ढेकर ओळखता येत नाही?"

"अगो, वाटेक बाजार लागता," पेपराच्या मागून जयवंतराव म्हणाले. "वास अंगाक चिकटता."

"अंगाला चिकटतो ना? मग पोटातून कसा वर येतो?"

पेपर हलला नाही. शेवंतीबाईंनी ते मनात टिपून ठेवलं. निर्दोष माणूस पेपर खाली करतो.

जयवंतराव छप्पन्न वर्षांचे. सत्तावीस वर्षं गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, काढली. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच, तेव्हापासून साकीनाक्याच्या एका कारखान्यात नटबोल्ट खोक्यांत भरायचं काम करत होते. गिरणीत सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवत. माणूस आठ तास पाझरायचा, घरी आला की बनियनवर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले असायचे. घामावाटे गेलेलं मीठ ताटातून परत आलं पाहिजे, असं सगळेच म्हणत. म्हणून ताटात खारा बांगडा, लोणचं, पापड, ताकात वर चिमूटभर मीठ. रात्रपाळीला जाग यावी म्हणून बिडी, बिडीवर चहा. आता ते पंख्याखाली स्टुलावर बसून बोल्ट मोजत. घाम गेला, पण जिभेला ते कुणी कळवलं नाही. आणि ताटात इतकी वर्षं हे सगळं वाढलं कुणी, हा प्रश्न शेवंतीबाई मनाच्या उंबऱ्याबाहेरच उभा ठेवत.

आठ महिन्यांपूर्वी जिना चढताना जयवंतरावांना भोवळ आली. अंधेरीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई, मृणालिनी त्यांचं नाव, वयाने आपल्या सुनेएवढ्या, त्यांनी मीठ बंद केलं, बिडी बंद केली, गोळ्या दिल्या. तेव्हापासून शेवंतीबाई नवऱ्याचं वेगळं रांधत होत्या.

हे सोपं नव्हतं. गावी त्यांच्या हाताचा लौकिक होता. दोनशे माणसांच्या पंगतीत मीठ घालायला शेवंतीला बोलावत. त्या ओंजळीने घालत आणि चव बघत नसत. देवाला दाखवायच्या आधी जीभ लावायची नाही, ही आईची शिस्त. नाकाला वाफ घेतली की त्यांना कळे. अख्ख्या आयुष्यात रांधताना त्यांनी भांड्यातला कण तोंडात टाकला नव्हता आणि मीठ कधी चुकलं नव्हतं. त्या हाताला डॉक्टरीणबाईंनी बांधून ठेवलं. तरी त्यांनी पाळलं.

आणि गेल्या शनिवारी त्याच बाईने अपमान केला.

प्रेशरच्या यंत्राचा पट्टा सोडत ती म्हणाली, "वरचा आकडा एकशे नव्वद. गोळ्या चालू आहेत आणि आकडा जागचा हलत नाही." मग तिने आपली दोन बोटं जयवंतरावांच्या दोन्ही मुठींत दिली. "दाबा. अजून जोरात." तिच्या कपाळाला आठी पडली. "उजवी पकड सैल आहे, काका."

जयवंतराव पडद्याआड शर्ट घालायला गेले, तशी ती खाली वाकून हळूच म्हणाली, "मावशी, खरं सांगा. थोडं मीठ घालता ना?"

"चिमूट पडली असेल तर हात झडो माझा."

"तुमचा नाही हो झडणार. त्यांचा जाईल. हात, नाहीतर वाचा. असंच चाललं तर फार दिवस नाहीत."

पडद्यातून जयवंतराव बाहेर आले ते शर्टाची बटणं एक घर चुकवून. शेवंतीबाईंनी रस्त्यावरच ती सोडून पुन्हा लावली. हे आठवड्यात तिसऱ्यांदा होत होतं. आधी त्यांनी तोंडाचा वास घेऊन पाहिला होता, दारूचा. तो नव्हता. आता त्यांना कारण कळलं होतं, आणि दारूच असती तर बरं झालं असतं असं वाटत होतं.

म्हणजे मीठ कुठून तरी येत होतं. पहिला संशय सुलक्षणावर. पोरगी मऊ मनाची, सासऱ्याचं तोंड पडलेलं बघून चिमूट टाकत असणार. शेवंतीबाईंनी मिठाची बरणी कट्ट्याच्या आतल्या बाजूला ठेवली आणि रोज स्वयंपाक उरकला की आतलं मीठ थोपटून त्यावर आपला पंजा दाबून ठेवू लागल्या. पाच बोटं, तळव्याची रेघसुद्धा. कुणी चमचा घातला तर पंजा मोडणार. चार दिवस पंजा जसाच्या तसा राहिला. शेवंतीबाईंचा जरा हिरमोडच झाला.

मग गोळ्यांवर संशय. एक अर्धी चावून बघितली, खडूसारखी लागली. मग यंत्रावर. आणि मग आली ही ढेकर.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डबा घासायला घेताना झाकणाच्या खाचेत त्यांना काटा सापडला. बारीक, वाकडा, बांगड्याच्या पोटाकडचा. त्या दिवशी डब्यात दुधी होता. दुधीला काटा नसतो.

त्यांनी काटा धुतला आणि कागदात गुंडाळून देवाच्या फळीवर ठेवला. कुणाला काही बोलल्या नाहीत. त्यांचं गप्प बसणं बघून सुलक्षणाच घाबरली. "आई, बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीय? उद्या दुपारी जरा बाहेर जाऊन येते."

कोण बाई असेल, हाच विचार बसमध्ये डोक्यात होता. छप्पन्न वर्षांच्या, पोट सुटलेल्या माणसाला बांगडे तळून घालणारी. वाडीतल्या रांडमुंड बायका त्यांनी एकेक करून मनात उभ्या केल्या आणि एकेकीला नाकारलं. या माणसासाठी बांगडा फुकट घालवण्याइतकी मूर्ख त्यांच्यातली एकही नव्हती.

साकीनाक्याला गल्लीत कारखान्यांचे गाळे एकाला एक चिकटलेले. जेवणाची सुटी झाली होती, यंत्रं थांबली होती. उभ्या टेम्पोच्या आडून शेवंतीबाईंनी पाहिलं.

बाई नव्हती. दोन उलट्या खोक्यांवर दोन पुरुष बसले होते. एक त्यांचा नवरा. त्याच्यापुढे खानावळीचा ॲल्युमिनियमचा डबा, लालभडक कालवणात बांगडा, वर लोणच्याची फोड. काटे काढून ठेवायला खाली शेवंतीबाईंच्याच डब्याचं झाकण. आणि तो डबा, नाव कोरलेला, मांडीवर घेऊन दुसराच एक उंच, हडकुळा माणूस जेवत होता. प्रसाद खावा तसा.

शेवंतीबाई सरळ जाऊन पुढे उभ्या राहिल्या.

जयवंतरावांच्या हातातला घास तिथेच थांबला. ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून रस्सा ओघळला होता. तो त्यांना कळलाही नव्हता.

"वैनी का?" उंच माणूस धडपडत उठला. "मी भीमराज. लेथवर असतो. अवो, तुम्ही कशापायी एवढी वाट चाललात? डबा मिळतो मला रोज. भाऊ न चुकता देतात."

"मिळतो ना?" शेवंतीबाई नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या.

"मिळतो म्हंजे? सा महिने झाले. माझं प्रेशर लई चढलेलं. खोलीवर आम्ही आठ जण, खानावळीचं तेलमीठ, घरचं माणूस गावाला. भाऊंना बोललो, तर म्हणाले माझं तर केव्हाच उतरलं, बायको तुझ्यासाठी पाठवील, तुझा खानावळीचा डबा मला दे, वाया नको जायला." त्याचा आवाज बारीक झाला. "काल तपासलं. दीडशेच्या खाली आलंय, वैनी. डॉक्टर म्हणाले, कोण जपतंय एवढं? म्हटलं, हाय एक माउली."

शेवंतीबाईंना एक क्षण नुसता आनंद झाला. आठ महिन्यांचं बिनमिठाचं रांधणं खोटं नव्हतं. गुण येत होता. फक्त दुसऱ्याला.

चारचौघांत नवऱ्याचा पाणउतारा करायचा नाही, एवढं घराण्याचं वळण होतं. त्या तिसऱ्या खोक्यावर बसल्या. "बघू," म्हणाल्या, आणि भीमराजच्या पुढचा डबा ओढून त्यातला एक घास घेतला.

पडवळ होतं. त्यांच्या हातचं. तोंडात ते ओल्या पुठ्ठ्यासारखं फिरत राहिलं. गिळायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला. नाकाने वाफ घेऊन त्यांना इतके दिवस एवढंच कळत होतं की मीठ नाही. मीठ नसलं की काय होतं, ते कधी कळलं नव्हतं.

जयवंतराव खाली बघत होते. "पयले दोन महिने खाल्लंय मी," ते पुटपुटले.

शेवंतीबाई उठल्या. "भीमराज, उद्यापासून यांच्याबरोबर तुमचा वेगळा डबा येईल. यांचा घेऊ नका. यांचं उतरलेलं नाही."

भीमराजने हातातली चपाती तशीच डब्यात ठेवली. जयवंतरावांकडे बघण्याचं त्याला धाडस झालं नाही.

घरी येताना शेवंतीबाईंनी लसूण, लिंबं, कोथिंबीर आणि एक नारळ घेतला. फळीवरच्या डब्यातून गावची, बांगड्याच्या कालवणात घालतात ती त्रिफळं काढली. पातेल्यात मुगाची डाळ आणि दुधी शिजत होता. लसूण घातली, त्रिफळं ठेचून घातली. मग शेवंतीबाईंनी पळीतून तळव्यावर थेंब घेतला आणि जिभेवर ठेवला.

सुलक्षणा कणीक मळता मळता थांबली. "आई, तुम्ही चव बघितलीत?"

"डोळे आहेत ना तुला? मग विचारतेस कशाला?" अजून लिंबू. पुन्हा थेंब. अजून खोबरं. पुन्हा. सहा वेळा त्यांनी देवाच्या आधी जीभ लावली, आणि देव काही बोलला नाही. तरी चव हाताला लागेना.

शेवटी त्यांनी मिठाची बरणी उचलली आणि सुनेपुढे ठेवली. "ही आता तुझ्याकडे. तुझ्या नि तुझ्या नवऱ्याच्या आमटीत किती घालायचं ते तू ठरव."

सुलक्षणाने झाकण काढलं. आत सकाळचा पंजा होता, पाच बोटं, तळव्याची रेघ. तिने चमचा कडेने घातला, पंजा मोडणार नाही असा.

रात्री जयवंतराव ताटावर बसले, तेव्हा देवाच्या फळीवरचा कागद उलगडून ताटाशेजारी ठेवलेला होता. त्यांनी काटा बघितला. शेवंतीबाईंनी त्यांना भात वाढला, वर दुधीची डाळ. मग दुसरं ताट घेऊन समोर बसल्या आणि त्याच पातेल्यातलं स्वतःला वाढून घेतलं.

"तू कित्याक गो बिनमिठाचा खातंस?"

शेवंतीबाई भातात डाळ कालवू लागल्या. जयवंतरावांनी घास उचलला. करंगळीशेजारच्या फटीतून भात निसटून परत ताटात पडला. दुसऱ्यांदा उचलला, तोही पडला. शेवंतीबाईंनी नजर आपल्या ताटाकडे वळवली आणि एका हाताने त्यांचं ताट चार बोटं त्यांच्याकडे सरकवलं. तिसऱ्यांदा घास तोंडापर्यंत पोचला. शेवंतीबाई त्यांच्या गळ्याकडे बघत राहिल्या, घास खाली उतरेपर्यंत.

"बरा आसा," जयवंतराव म्हणाले.

"बरं नाहीय," शेवंतीबाई म्हणाल्या. "मी चाखलंय. खोटं बोलायची तुमची सवय बिडीपेक्षा वाईट आहे. महिनाभर तरी हे बरं लागायचं नाही. जेवा. मीही तेच जेवतेय."