कालिलच्या बातमीचं पान

मी एक संगणक बोलतोय. जरा सावकाश बोलतो, सांभाळून घ्या. माझं वय झालंय. पंखा कुरकुरतो, आणि एखादं चित्र दाखवायचं म्हटलं की वरून खाली एकेक पट्टी उतरवत बसतो. या सावकाशीचीच गोष्ट सांगायची आहे.

पहिली काही वर्षं मी बिश्केकच्या एका शाळेत होतो. मुलांनी माझ्या कळांवरची अक्षरं पुसट केली. पुढे शाळेला नवी यंत्रं मिळाली आणि आम्हा जुन्यांना अंगणात मांडून ठेवलं. कालिल नावाच्या ट्रकवाल्याने मला उचललं, शेजारच्या सीटवर बसवलं आणि वर आपला कोट पांघरला. ट्रकच्या पुढच्या काचेत नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, एक लहानसा तुकडा टांगलेला होता. लाल-पांढरा, मेंढ्याच्या शिंगांच्या नक्षीचा. खिंडीच्या प्रत्येक वळणावर तो डुलायचा. वाटभर मी त्याच्याकडेच बघत होतो.

तो तुकडा त्याच्या थोरल्या बहिणीने, बुरमाने, कापून शिवलेला होता. आई-वडील लवकर गेले, तेव्हापासून तिनेच कालिलला वाढवलं. तो तिला एजे म्हणायचा, म्हणजे ताई. मीही मनातल्या मनात एजेच म्हणतो.

"हे काय उचलून आणलंस?" मला बघून ती म्हणाली. "दूध देतं का?"

"दूध नाही देत, एजे. पण सायकालशी तुला घरबसल्या भांडता येईल."

सायकाल आणि अनारकुल या एजेच्या शाळेतल्या मैत्रिणी. तिघी एका बाकावरच्या. पूर्वी त्यांची शेरिने असायची. आळीपाळीने एकेकीच्या घरी जमायचं, जेवायचं, खिदळायचं. पुढे सायकाल मुलीकडे बिश्केकला गेली. अनारकुल सैबेरियातल्या एका गावी पाव भाजायच्या कामाला गेली. शेरिने बंद पडली, आणि एजे दर गुरुवारी दुपारी उगाचच दाराकडे बघायला लागली. कालिलने ते पाहिलं होतं.

त्याने कुणाकुणाला विचारून माझ्यात एक सोय करून घेतली. तिघींच्या पडद्यांवर एकच पान, एकाच वेळी, माझ्याच चालीने. प्रत्येकीचा बाण वेगळ्या रंगाचा. एजेचा लाल, सायकालचा निळा, अनारकुलचा पिवळा. आवाज ऐकू यायचे. चेहरे दिसायचे नाहीत, माझ्या लाइनला तेवढं झेपत नव्हतं.

नियम शेरिनेचेच राहिले. जिची पाळी ती यजमान, पानं तिने उघडायची. सगळ्यांचं "वाचलं" म्हणून झाल्याशिवाय पान सरकवायचं नाही. आणि यजमानणीने तळवे उघडून बाता, म्हणजे आशीर्वाद, दिल्याशिवाय पाहुणीने उठायचं नाही. मग तिघी आपापल्या गावी आपापल्या चेहऱ्यावरून हात फिरवून "ओमिन" म्हणायच्या.

"हा लग्नातला झगा बघा. गुडघ्यापर्यंतच!"

"अनारकुल, तुझा बाण आधी तिच्या गुडघ्यावरून काढ."

"कापड बघतेय गं मी."

"साठी आली, कापड बघतेय म्हणे! बुरमा, वाचलंस का?"

"थांबा की. मला काय शर्यतीत घोडा पळवायचाय?"

एजे बोट लावून, ओठ हलवत वाचायची. मीही सावकाश, तीही सावकाश. आमचं छान जमायचं.

गेल्या वसंतातला तो गुरुवार. खिंडीतलं बर्फ सुटायला लागलं होतं. अनारकुलची पाळी होती. एजेने चहा, कायमाक म्हणजे घट्ट साय, आणि बोरसोकची, तळलेल्या कणकेच्या तुकड्यांची, ताटली माझ्यासमोर ठेवली. अनारकुलने नेहमीसारखं आमच्या जिल्ह्याच्या बातम्यांचं पान उघडलं.

अक्षरं माझ्याकडे माणसांच्या आधी येतात. खिंडीत दरड कोसळली होती. एक ट्रक खाली गेला होता. चालकाचं नाव दिलं होतं. कालिल.

पिवळा बाण जागीच थांबला. पुढच्या क्षणी निळा बाण धावत आला आणि त्या नावावर जाऊन बसला, कुणाच्या तोंडावर हात ठेवावा तसा. आणि कुणी "वाचलं" म्हणायच्या आत पान सरकलं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"अगं, मी कुठे वाचलंय अजून?" एजे म्हणाली.

"काही नाही गं," अनारकुल म्हणाली. "जाहिरात होती."

आमच्याकडे मृत्यूची बातमी अशी कळू देत नाहीत. फोनवरही सांगत नाहीत. घराण्यातले वडीलधारे जमून दारात येतात, समोर बसतात, आडवळणाने शब्द सोडतात आणि माणूस कोसळला तर धरतात. एकटीने वाचायचं, धरायला कोणी नाही, याहून मोठी निर्दयता दुसरी नाही. एजेच्या घराण्यातले थोरले, असान-आबा, दोन-अडीच तासांच्या अंतरावर राहतात. ते येईपर्यंत तिला माझ्यासमोर बसवून ठेवायचं, एवढं एकच त्या दोघींच्या हातात होतं.

सायकालचा आवाज बंद झाला. ती फोन करत असणार. निळा बाण मात्र हलला नाही. अनारकुल एकटीच बोलत सुटली. नमद्यांच्या नक्ष्या दाखवल्या. जर्दाळूच्या बागा दाखवल्या. कुणाच्या तरी नातवाचे पंचवीस फोटो दाखवले.

"नाक आजोबावर गेलंय," एजे म्हणाली.

"हो ना." अनारकुलचा आवाज फाटला.

"काय झालं गं?"

"कांदा चिरतेय."

"चहाबरोबर कांदा?"

आतल्या खोलीत एजेचा फोन वाजायला लागला. वाजला, थांबला, पुन्हा वाजला.

"वाजू दे," अनारकुल घाईने म्हणाली. "माझी पाळी आहे. पाहुणीने उठायचं नाही."

एजेने माऊस पुन्हा धरला. "बरं. नाही उठत."

माझ्या माऊसवरचा तिचा हात थंड पडला होता. मला वाटलं, खिडकीतून वारा येतोय. तीन तासांत ताटलीतला एकही बोरसोक कमी झाला नाही. लाल बाण मात्र पिवळ्याच्या मागे मागे पानोपान जात राहिला, आणि प्रत्येक पानाला एजे "वाचलं" म्हणत राहिली. त्या दिवशी ती एकदाही "थांबा की" म्हणाली नाही.

दारात गाडी थांबली.

"कोणी आलंय वाटतं," एजे म्हणाली.

मग अनारकुलने बाता दिली. "घर भरलेलं राहो. धरणारे हात जवळ राहोत. ओमिन."

"ओमिन," एजे म्हणाली आणि उठली. मला बंद करायचं राहून गेलं.

त्यामुळे असान-आबांचं बोलणं तिन्ही गावांत ऐकू गेलं. "बुरमा, लेकी," ते म्हणाले, "खिंडीतून आज एक घोडा एकटाच घरी आलाय." मग एजेचा हंबरडा. ती शोकाची गाणी, ती मी सांगू शकणार नाही.

चाळीस दिवस माझ्यावर कापड होतं.

चाळिसावं झालं, आणि पुढच्या गुरुवारी तिने कापड काढलं. पाळी तिची होती. दोघी आल्या. कोणी थट्टा केली नाही. एजेने पान उघडलं. तेच, कालिलच्या बातमीचं.

"बुरमा, कशाला गं…" सायकाल म्हणाली.

"वाचा. मी थांबते."

अक्षरं आली. मग चित्र उतरायला लागलं, एकेक पट्टी. डोंगर. दरड. ट्रकचा माथा. पुढची फुटकी काच. काचेत लाल-पांढरा नमद्याचा तुकडा. लाल बाण तिथे गेला आणि थांबला.

"त्या दिवशी चित्र एवढंच उतरलं होतं," एजे म्हणाली. "इथपर्यंत."

दोघींनी नाव झाकलं होतं. चित्राकडे कोणाचं लक्षच गेलं नव्हतं.

"म्हणजे तुला… तीन तास?" अनारकुल रडायला लागली. "अगं, मग उठली का नाहीस? ओरडली का नाहीस?"

"तू यजमान होतीस. तू एवढी धडपडत होतीस. उठू कशी?" मग हळूच म्हणाली, "आणि उठून जाणार कुठे? तुम्ही दोघी तर इथेच होतात."

चित्र खालपर्यंत पूर्ण झालं.

"वाचलं," सायकाल म्हणाली.

"वाचलं," अनारकुल म्हणाली.

एजे बोट लावून, ओठ हलवत, शेवटच्या अक्षरापर्यंत गेली. "वाचलं," ती म्हणाली. मग तिने तळवे उघडले.

आता माझे दिवस थोडे राहिलेत. नवा संगणक घ्या, असं भाचेमंडळी तिला सांगतात. घेतीलही. मी त्या दिवशी थोडा आणखी सावकाश असतो, तर ती काच उतरली नसती. थोडा चपळ असतो, तर दोघींनी चित्र पाहून तेही झाकलं असतं. मी नेमका होतो तेवढाच होतो. हे मला सुटत नाही, आणि तिला सांगायला मला तोंड नाही.

एवढंच मागतो. तुम्हीही कुणाबरोबर एखादं पान वाचत असाल, तर सरकवण्याआधी विचारा. आणि पलीकडून "वाचलं" असं फार लवकर आलं, तर जरा थांबा.