दार सोडून सगळं

"सगळं नीट मोजलंयस ना?" सकाळी सकाळी फोनवर आईने विचारलं आणि माझं डोकंच सटकलं. चार वर्षं आर्किटेक्चर शिकतेय, आणि ही बाई मला मोजमाप शिकवणार! "मोजलंय गं आई," म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

आज शेवटची परीक्षा. वाचनालयाचं मॉडेल सरांपुढे ठेवायचं, आणि नापास झाले तर अख्खं वर्ष पुन्हा. सर कुणाची गय करत नाहीत. खिशात कायम फुटपट्टी, म्हणून त्यांचं नावच फुटपट्टी पडलंय. तरी मी निर्धास्त होते. महिनाभर खोलीत पुठ्ठे कापून, चिकटवून उभं केलेलं माझं वाचनालय काय देखणं झालं होतं! इवलाली माणसं, वळणाचा जिना, मधोमध वाचायचं लांबलचक टेबल.

रूममेट आणि मी, दोघींनी ते उचललं. तिला सगळे काकू म्हणतात. वयाने माझ्याएवढीच आहे, पण टोकल्याशिवाय तिला घास उतरत नाही. दारापर्यंत गेलो आणि अडकलो.

आडवं केलं, तिरकं केलं. छे! मॉडेलच्या तळाच्या फळ्या सुट्या आणून आम्ही आतच जोडल्या होत्या. उभं धरावं तर भिंतींसकट सगळं गळून पडणार.

"दाराची रुंदी बघितली नव्हतीस?" काकू म्हणाली.

"तू गप्प बस हं!" मी ओरडले आणि मग खाली बसून चक्क भोकाड पसरलं. काकू गुपचूप गेली, शेजारच्या खोलीतून करवत घेऊन आली आणि माझ्या हातात दिली. "तूच काप बाई. मी कापलं तर जन्मभर ऐकवशील."

टेबलासकट बरोबर मधोमध कापलं.

सरांसमोर दोन्ही तुकडे जुळवून ठेवले, पण फट काही लपेना. सरांनी तुकडे बाजूला केले आणि वाकून आत बघत राहिले. मग फुटपट्टी काढली. माझ्या वाचनालयाचं दार मोजलं. टेबल मोजलं.

"हे टेबल या दारातून आत नेणार कसं?"

मागे काकू खोकली. आणि माझ्या तोंडून खरं तेच निघून गेलं. "कापून, सर. सकाळीच करून बघितलंय."

मग सगळंच सांगावं लागलं. सरांनी खोदून खोदून विचारलं, करवत कुणाची तेसुद्धा. शेवटी म्हणाले, "कापलंस म्हणून आतलं दिसलं तरी. जिना झकास जमलाय. पास. दार मात्र रुंद कर."

बाहेर पायऱ्यांवर आम्ही एकेक तुकडा मांडीवर घेऊन बसलो. मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. आईला फोन लावून पास झाल्याचं सांगितलं.

"बघ! मोजलं होतंस म्हणून झालीस पास."

"आई, दार सोडून सगळं मोजलं होतं."

"कुठलं दार गं?"

"दोन्ही!" काकू फोनमध्ये ओरडली.