मोहाच्या आहारी

मुरुमटोल्याच्या ख्रिस्ती मंडळीत गुणवंतराव 'वडील' होते. वयानं नव्हे, पदानं. पाळक नसले की घंटा वाजवायची, शास्त्र वाचायचं, आणि मग आठवडाभर ते इतरांना लागू करायचं, हे त्यांचं काम. वचन त्यांना कधी कमी पडलं नाही. कुणी उसनं मागायला आलं की काम न करणाऱ्यानं खाऊ नये, हे वचन निघे; स्वतः मागायला गेले की मागा म्हणजे मिळेल, हे निघे. देवाशी त्यांचा व्यवहार असा चोख होता. जमा आपल्या अंगणात, नावे शेजाऱ्याच्या.

बुधरीला वाचता येत नव्हतं. रविवारी कानावर पडलेलं आठवडाभर करायचं असतं, एवढाच तिचा समज. नवरा गेल्यावर तिच्याकडे धानाची एक लहानशी बांधी उरली होती आणि बांधावर सासऱ्याच्या वेळचा मोहाचा मोठा वृक्ष. धान दिवाळीनंतर पोटाला पुरे ते होळीपर्यंत. तिथून पुढे पावसाळाभर तिला पोसायचा तो मोह. फुलं वेचायची, वाळवायची, शिजवून खायची, उरलेली देऊन मीठ-लुगडं आणायचं.

आमच्याकडे मोहाच्या झाडाला कागद नसतो. होळीच्या आधी जो खालचा पाचोळा झाडून जागा साफ करतो, त्या साली फुलं त्याची. दोन साल दुसऱ्यानं झाडलं की आधी झाड कुणाचं होतं ते गाव विसरतं. नियम लिहिलेला नाही, म्हणून कुणी मोडत नाही.

त्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी रेव्हरंड भिंगारदिवे कुरखेड्याहून बैलगाडीनं आले. माणूस नगरकडचा, मराठी छापील. उपदेश चांगला झाला. प्रभू अरण्यात होता, भुकेला होता, सैतानानं त्याला मोह दाखवला. पण प्रभूनं मोहाकडे पाठ फिरवली. "तुम्हीही," पाळक म्हणाले, "मोहाच्या आहारी जाऊ नका."

मागच्या चटईवर बसलेल्या बुधरीला यातलं काहीच अवघड गेलं नाही. रानात उपाशी माणसाला आणखी काय दाखवणार? आहार म्हणजे खाणं, हे तिला माहीत होतं.

बाकीच्यांनी आपापल्या सोयीनं हिशेब बसवला. पुरुषमंडळी म्हणाली, साहेब दारूबद्दल बोलले, फुलाबद्दल नाही. आणि दारूबद्दलही संध्याकाळपर्यंत विसरली. बुधरी मात्र गुणवंतरावांच्या दारी गेली.

"भाऊ, नुसती दारू का फुलंबी?"

गुणवंतरावांना मोहाचे दोन्ही अर्थ येत होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग बांधावरच्या झाडाकडे पाहिलं.

"बुधरीबाई, वचनाले शेपूट लावू नये. मोह म्हंजे मोह."

खोटं काही बोलले नाहीत. खोटं बोलायची त्यांना क्वचितच गरज पडे.

बुधरीनं झाडाखाली झाडलं नाही. गुणवंतरावांनी झाडलं.

चैतात फुलं टपटपू लागली. पहाटे टोल्यावरची सगळी वस्ती टोपल्या घेऊन बाहेर, आणि बुधरी झाडाकडे पाठ करून दारात कंदमुळं सोलत बसलेली. वास काही पाठ फिरवून थांबत नाही. शेजारची मंगली, जिचे देव तिच्या आजीचेच होते, टोपली घेऊन जाता जाता थांबली.

"काऊन वं, तुह्या देवाचं आमच्या झाडाशी का भांडन हाय?"

"त्यानं सोडला, मी सोडला."

"त्याच्या घरी पावसाळा नसंल." मंगली बांधाकडे वळली. तिथं गुणवंतराव घरच्यांसह वाकलेले. "अन् तुमी हो, भाऊ? तुमचा देव दुसरा हाय का?"

गुणवंतराव कंबर सरळ करत म्हणाले, "मी बुधरीबाईचं ओझं वाहून राह्यलो. एकमेकाचं ओझं वाहावं, असं वचन हाय."

बुधरीनं ते ऐकलं आणि रात्रीच्या प्रार्थनेत त्यांचं नाव घेतलं.

ईस्टरला पाळक परत आले. उपासनेनंतर जेवण गुणवंतरावांच्या मांडवात. शेवटी जवस घालून कुटलेले काळे लाडू आले. भिंगारदिव्यांनी एक संपवून दुसरा उचलला.

"छान आहेत. खजूर का?"

"रानमेवा, साहेब," गुणवंतराव म्हणाले.

"मोहाचे हाय, पाळकबाबा," बायकांच्या रांगेच्या टोकावरून बुधरी म्हणाली. तिच्या पानावरचा लाडू तसाच होता, आणि ती उपवासकाळात निम्मी झाली होती. "तुमी खाल्ले तं दोष कोनाले लागंल? सांगनाऱ्याले का ऐकनाऱ्याले?"

"कसला दोष?"

तिनं त्यांचा उपदेश त्यांना परत म्हणून दाखवला. अरण्य, भूक, सैतान, पाठ फिरवणं. एक शब्द गळला नाही. आपला उपदेश कुणी इतका ऐकला असेल, याची पाळकांना सवय नव्हती. लाडू हातातच राहिला.

"बाई, मी झाडाबद्दल नव्हतो बोलत. मोह म्हणजे... दुसऱ्याचं ते आपलं व्हावं असं वाटणं. हाव."

"लालच?"

"हो. लालच."

"मंग लालच म्हनाचं ना, बाबा. लालच आमाले समजते. तिचं झाड नसते."

"पण वडिलांनी तुम्हाला सांगितलं नाही?"

सगळ्या मांडवाला एकाएकी पानावरच्या लाडवाचं निरीक्षण करावंसं वाटलं.

गुणवंतराव म्हणाले, "मी त्यायचं ओझं वाहिलं, साहेब. वचन हाय."

"वाहिलं ना," बुधरी म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तीच तर पंचाईत. "भाऊनं लय कष्ट केले. मंग आता मोह पाप नाई तं ओझं माह्या घरी आनून टाका, भाऊ. बजारातून दुसऱ्याचं गठुडं आनलं तं त्याच्याच दारात उतरवा लागते."

गुणवंतरावांनी वचन शोधलं. असं दिसलं की आतून बाहेरून सगळं शास्त्र चाळताहेत, पण त्या दिवशी एकही पान त्यांच्या बाजूनं उघडेना.

"वचन पुरं करा, वडील," पाळक म्हणाले, आणि उरलेला लाडू खाल्ला.

सणाचं नवं धोतर नेसून, खांद्यावर कावड घेऊन, गुणवंतरावांनी वाळलेला मोह खेपा घालून बुधरीच्या घरी नेला. मंगली मुद्दाम दारात बसली होती. दर खेपेला विचारायची, "का वाहून राह्यले, भाऊ?" खाल्लेल्या लाडवांचं बुधरीनं सोडून दिलं. सणाचे होते, म्हणाली.

पुढच्या होळीला पाचोळा पुरता गळायच्या आत तिनं झाडाखाली झाडून घेतलं. पाळक आले, त्यांनी पुन्हा तोच उपदेश केला, आणि या खेपेला मोहाच्या जागी प्रत्येक वेळी 'लालच' म्हणाले. बुधरी दर वेळी मान हलवत होती.

गुणवंतरावांना तो उपदेश आवडला नाही. इकडच्या लोकांत राहून साहेबांची मराठी बिघडली, असं ते म्हणाले.