अर्ध्यावरचं निशाण

ओड्वारला मरायला अजून अवकाश होता, तेव्हाच त्याच्या मुलीने, तुरिदने, घरासमोरचं निशाण अर्ध्यावर आणून बांधलं. हे पाप होतं. तिला ते पक्कं ठाऊक होतं, आणि तरी तिने केलं, भल्या सकाळी, दोरीला घट्ट गाठ मारून.

त्या खाडीत निशाण खोटं बोलत नाही. घरात कोणी गेलं की ते काठीच्या अर्ध्यावर येतं. माती देऊन झाली की शेंड्यापर्यंत चढवतात. मग समोरच्या काठाला कळतं, झालं, सुटला बिचारा. फोन आले, डोंगरातून बोगदा आला, तरी माणसं सकाळी उठून आधी समोरच्या काठीकडे बघतात आणि मग बातम्या लावतात. म्हणून तर तिने हे शेवटचं हत्यार उपसलं. बाकीची सगळी बोथट झाली होती.

तिचा भाऊ स्टाइनार पर्यटकांच्या मोठ्या पांढऱ्या बोटीवर कप्तान. उन्हाळाभर दर गुरुवारी ती बोट घरासमोरून जायची, तीनदा भोंगा द्यायची, आणि ओड्वार निशाण झुकवून जबाब द्यायचा. बाप-लेकाचं काय ते एवढंच बोलणं. स्टाइनार घराची पायरी चढून किती वर्षं झाली ते मोजणं तुरिदने केव्हाच सोडून दिलं होतं. खरं तर खाडीच्या टोकाला, जुन्या बंदरात, बोट दिवसभर उभी असे. पाहुणे लाल लाकडी वखारींचे फोटो काढत, लोकरीच्या टोप्या घेत हिंडायचे. तिथून घर होडीने जवळच. पण साहेबांना सवड कुठे?

या वसंतात ओड्वारने अंथरूण धरलं. डॉक्टरने नुसती मान हलवली. तुरिदने फोनवर फोन केले.

"बाबा तुझी वाट बघतायत रे."

"अगं, मागच्या वर्षीही तू हेच म्हणालीस. झाले ना मग ठणठणीत? मोसम संपू दे, येतो."

म्हाताऱ्याला दुसरं काही नको होतं. त्याची खाट मागच्या खोलीत, खिडकीबाहेर नुसता डोंगर. भोंगा ऐकू आला की डोळे मिटून म्हणायचा, "स्टाइनार गेला बघ. झुकवलंस का निशाण?" आणि मग भिंतीकडे वळून, "एकदा आत आला असता तर."

शब्दावर विश्वास नाही ना, मग डोळ्यांनी बघ म्हणावं. अर्ध्यावरचं निशाण दिसलं की काळजात चर्र होईल, बंदराला लागताच होडी घेऊन धावत येईल. बापाला जिवंत बघून मला शिव्या घालेल. घालू दे. पण येईल तर खरा.

बोट वळणावरून आली तेव्हा तुरिद काठीखाली उभी होती. पाणी इतकं शांत होतं की बोटीवरच्या कर्ण्यातलं बोलणं काठावर ऐकू येत होतं. कुठल्या कुठल्या भाषांत कोणीतरी बापाची आणि लेकाची गोष्ट सांगत होतं. कठड्याला रंगीत जाकिटांची गर्दी. तिचा जीव टांगणीला लागला. आज भोंगा वाजणार नाही, तिने मनाशी म्हटलं.

तीनदा वाजला. नेहमीसारखा, मजेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या, हात हलवले, फोन उंच धरले.

"झुकवलंस का गं?" आतून ओड्वारने विचारलं.

"झुकवलं, बाबा."

दुपारपर्यंत ती धक्क्यावर डोळे लावून बसली. होडी आली, पण शेजारच्या मागनहिल्डची. अंगात काळा पोशाख, मांडीवर फडक्यात बांधलेल्या बटाट्याच्या पातळ पोळ्या, लोणी-साखर लावून. उतरताच तिने तुरिदला मिठी मारली.

"शेवटी फार त्रास झाला का गं त्याला?"

तेवढ्यात घरातून खोकला आला, आणि पाठोपाठ, "कॉफीचं काय झालं?"

मागनहिल्डने मिठी सोडली. तुरिदने जे होतं ते सांगून टाकलं.

"जिवंत माणसाचं निशाण उतरवलंस?" मागनहिल्ड हळूच म्हणाली. "माझा नवरा गेला तेव्हा या काठावर सगळ्यात आधी ओड्वारने निशाण खाली घेतलं होतं. लाज नाही वाटली तुला?"

"वाटली. तो आला असता तर आणखी वाटून घेतली असती."

फोन वाजला. स्टाइनारच होता.

"तुरिद, आज निशाण अर्ध्यावरच होतं म्हणे. दोरी अडकली का? बोटीवरून कळवलंय मला."

"बोटीवरून? मग तू कुठे आहेस?"

"ऑस्लोत. कचेरीत. दोन वर्षं झाली. बाबांना वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. पण भोंगा चालू ठेवायला लावलाय हं मी, कार्यक्रमातच घातलाय. म्हातारा बाप, निशाण, लोकांना फार आवडतं. तेवढी दोरी बघून घे, फोटोत बरं दिसत नाही."

तुरिदच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परक्याने विचारलं असतं तर तिने सोडून दिलं असतं. पण हा याच काठीखाली वाढलेला. आई गेली तेव्हा ती गाठ यानेच मारली होती.

"स्टाइनार, अर्ध्यावरचं निशाण म्हणजे काय रे?"

पलीकडे खुर्ची सरकली. मग, "बाबा?"

ती बोलली नाही. अजूनही, इतकं होऊनही, तिला वाटत होतं, हा आता म्हणेल, निघालो.

"अरेरे," तो म्हणाला. "पण आता ऐन मोसमात मला हलता येणार नाही गं. तू सगळं नीट उरकून घे, मी फुलं पाठवतो. आणि बघ, विधी गुरुवारी नको ठेवूस. गुरुवारी निशाण झुकवायला..."

तिने फोन बंद केला. तो समजायचं ते समजला होता, समजू दे.

मागनहिल्ड पोळ्या घेऊन आत गेली होती. ओड्वारने तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "काळ्या कपड्यांत? कोण गेलं?" मागनहिल्डने दारात आलेल्या तुरिदकडे पाहिलं आणि पोळीचा तुकडा त्याच्या हातात दिला.

तुरिद आल्या पावली बाहेर गेली. सकाळची गाठ सोडली आणि निशाण ओढत ओढत थेट शेंड्यापर्यंत चढवलं. दोरी काठीवर आपटत वर जाते तो आवाज त्या घरात सगळ्यांना पाठ होता. ती परत आली तेव्हा म्हातारा कान देऊन पडला होता.

"वर घेतलंस ना? म्हणजे माती दिली," तो म्हणाला. "कोण होतं गं?"

"तुम्ही नाही ओळखायचात, बाबा," तुरिद म्हणाली. "इथलं कोणी नव्हतं."

"पोरंबाळं होती का त्याला?"

"नाही. बापही नव्हता," म्हणत तिने त्याच्या कपात कॉफी ओतली.